जीप आडवी का जाते?

धरणगावहून चोपड्याकडे निघाले की तापीच्या पुलापर्यंतचा रस्ता कपाशीच्या काळ्या जमिनीवरून जातो. ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आक्रसते. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, उन्हाळ्यात निघून जाते, आणि वर टाकलेला डांबराचा थर तिच्याबरोबर वरखाली होत राहतो. त्यातून खड्ड्यांपेक्षा वेगळा त्रास तयार होतो: लांब, उथळ लाटा आणि खचलेली कड. नव्या मोटारीत बसलेल्याला या लाटा फारशा जाणवत नाहीत. पंचवीस-तीस वर्षांच्या फोर व्हील ड्राइव्ह जीपमध्ये मात्र चालकाचे दोन्ही हात गाडी सावरण्यातच गुंतलेले असतात. गाडी डावीकडे ओढते, मागून उडते, चाळीसच्या वर गेली की स्टेअरिंग थरथरते, आणि समोरून ट्रक आला की जीव मुठीत येतो.

अशी गाडी गॅरेजात गेली की पहिले वाक्य ठरलेले असते: ‘थोडं स्टेअरिंग टाईट करून दे ना भो.’ स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू अर्धा फेरा फिरतो, नट आवळला जातो आणि दोन दिवस गाडी बरी वाटते. तिसऱ्या दिवशी तोच त्रास, वर स्टेअरिंग जड. हे प्रकरण त्या स्क्रूच्या विरोधात लिहिले आहे असे समजायला हरकत नाही. स्टेअरिंग बॉक्स हा या साखळीचा शेवटचा दुवा आहे. चाकाच्या टायरपासून चालकाच्या तळहातापर्यंत वाटेत पंधरा-वीस सांधे लागतात आणि प्रत्येकाची थोडी थोडी ढिलाई जमा होत वर येते.

आधी गाडीची जन्मकथा थोडक्यात. मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीप सुट्या भागांतून जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत १९५३ साली निघालेले उंच बॉनेटचे सीजे-३बी हे मॉडेल भारतात कित्येक दशके टिकले. १९८५ मध्ये प्यूजोच्या डिझेल इंजिनाची एमएम-५४० आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मारुतीने जिप्सी आणली. या तिन्हींत एक गोष्ट समान होती. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आणि त्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या कमानी. आपल्या भागात त्या एकेका पट्टीला पाटा म्हणतात. एसटीचा पाटा तुटल्याची बातमी वाचलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

खानदेशात या जिपा आधी सरकारी होत्या. सातपुड्यात जायचे तर दुसरे वाहनच नव्हते. (१८२५ मध्ये जेम्स आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने भिल्ल कोअर ही पलटण उभारली तिचे मुख्य ठाणे धरणगावला होते, त्या काळी हेच अंतर घोड्यावर काटत.) मग सरकारी गाड्या लिलावात निघाल्या. काही शेतकऱ्यांनी घेतल्या, काही लग्नाच्या वराती आणि निवडणुकांसाठी राबल्या, आणि कमांडरसारख्या लांब जिपा काळी-पिवळी होऊन गावोगावची माणसे वाहू लागल्या. आत दहा, मागच्या फळीवर उभे चार, वर टपावर गाठोडी. आज हौसेने जुनी जीप विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो इंजिनाबद्दल नाही. ही गाडी याआधी काय वाहत होती, हे विचारावे. हाताळणीचे निम्मे दोष तिच्या त्या नोकरीत सापडतात.

त्याचे कारण पाट्यांमध्ये आहे. कमान म्हणजे कमी-कमी लांबीच्या पोलादी पाट्यांची जुडी. सगळ्यांत लांब पाट्याच्या, म्हणजे मेन पाट्याच्या, दोन्ही टोकांना डोळे वळलेले असतात. एक डोळा चेसिसच्या हँगरला पक्का असतो. दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर, कारण कमान दबली की लांबते आणि त्या लांबीला कुठेतरी जागा हवी. मध्यभागी एक सेंटर बोल्ट सगळे पाटे ओवून धरतो आणि दोन यू-बोल्ट ती जुडी एक्सलवर आवळून बसवतात. एवढ्या साध्या रचनेकडून चार कामे घेतली जातात. ती वजन पेलते, एक्सल पुढेमागे सरकू देत नाही, डावी-उजवीकडे सरकू देत नाही, आणि ब्रेक लावल्यावर एक्सलला गिरकी घेऊ देत नाही. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत या कामांना वेगवेगळे दांडे असतात. इथे सगळे पाट्यावर आणि त्याच्या टोकाच्या डोळ्यांत बसवलेल्या बुशांवर. म्हणूनच पाट्याशी केलेला खेळ थेट स्टेअरिंगमध्ये उतरतो.

गाडीत माणसे जास्त भरायची म्हटली की कमान बसते. उपाय म्हणून एक-दोन जादा पाटे घातले जातात, बऱ्याचदा दुसऱ्या कुठल्यातरी जड गाडीचे, कापून. इथे गणित फसवते. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा घातला तर जाडी एक-तृतीयांशाने वाढते, पण ताठपणा दुपटीहून अधिक होतो. गाडी भरलेली असेपर्यंत हे खपून जाते. पुढे तीच जीप एखादा डॉक्टर किंवा शिक्षक विकत घेतो, तिच्यात फारतर तीन माणसे बसतात, आणि मागचे एक्सल प्रत्येक उंचवट्यावर जमिनीपासून सुटू लागते. सुटलेले चाक दिशा धरत नाही. वळणावर गाडी मागून बाहेर फेकली जाते ती याच कारणाने, आणि दोष मात्र टायरला दिला जातो.

कमान किती ताठ आहे हे घरीही मोजता येते. सपाट जागी गाडी उभी करून एक्सल आणि चेसिस यांतले अंतर मोजायचे. मग शॉकअपचे खालचे टोक सोडायचे, जॅक चेसिसखाली लावून चाक अधांतरी होईपर्यंत गाडी उचलायची आणि पुन्हा मोजायचे. (खाली भक्कम स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली डोके घालू नये.) दोन्हींतला फरक म्हणजे गाडीच्या वजनाने कमान किती दबते ते. तो सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचे वर्गमूळ काढायचे आणि पाचाला त्याने भागायचे. गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल त्याचा हा बऱ्यापैकी अंदाज असतो. फरक दहा सेंटिमीटर असेल तर उत्तर १.६ येते, चारच असेल तर अडीच. माणसाला सेकंदाला एक ते दीड हेलकावे सोसवतात. चार ते आठच्या दरम्यान पोटातले अवयव ढवळून निघतात. अडीचवर रोज तीस किलोमीटर केले तर संध्याकाळी कंबर बोलते.

पुढची आणि मागची कमान यांचेही एक नाते असते. ते कळायला मोटारी बनवणाऱ्यांना बरीच वर्षे लागली. मॉरिस ऑली हा इंग्लिश अभियंता रोल्स-रॉइस सोडून १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. तिथे त्याने एका सात आसनी लिमोझिनवर पुढेमागे हलवता येतील अशी वजने चढवली आणि वजनाची वाटणी, कमानींचा ताठपणा बदलत बदलत प्रवास कधी सुखाचा होतो ते पाहिले. हाती आले ते आजही खरे आहे: पुढची कमान मागच्यापेक्षा थोडी मऊ हवी. उंचवट्यावर आधी पुढची चाके चढतात, मागची थोड्या वेळाने. मागची बाजू जराशी जलद हेलकावणारी असली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी घोड्यासारखी पुढेमागे न डुलता सपाट स्थिरावते. सीजे-३बीच्या दोन एक्सलमधले अंतर ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या जरा वर. ताशी ४० च्या वेगाला मागचे चाक पुढच्याच्या मागोमाग पाव सेकंदाच्या आत त्याच उंचवट्यावर येते. इतक्या आखूड गाडीत पुढच्या कमानीलाही जादा पाटा घातला तर डुलणे थांबवणे अशक्य. खानदेशात पुढे जड बंपर बसवला की पुढची कमानही ‘मजबूत’ करून घेण्याची रीत आहे. मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगून पटत नाही.

मग करायचे काय? जादा पाटे काढायचे, मूळ जुडी खोलायची आणि एकेक पाटा घासून पाहायचा. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि खालच्या पाट्याचे टोक वरच्यावर जिथे टेकते तिथे बारीक तडे असतात. रॉकेलने पुसून खडूची पूड लावली की तड्यातले रॉकेल पुडीत उमटते. तडा गेलेला पाटा भंगारात. तडा नसलेला पण सपाट झालेला पाटा पुन्हा वाकवता येतो. जुने कारागीर तो थंडच ठोकतात. पोकळ बाजू वर, खाली खोबणीची ऐरण, आणि पाटा इंच-इंच सरकवत घणाचे सारखे घाव. शेजारी मूळ पाट्याचा जमिनीवर खडूने काढलेला आराखडा असतो, त्याला पाटा जुळेपर्यंत हे चालते. हातघाई असलेला मात्र पाटा भट्टीत लाल करतो. पाट्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीज जातीचे असते. कारखान्यात ते तापवून तेलात विझवलेले आणि पुन्हा ठरावीक उष्णतेला परतवलेले असते. भट्टीत लाल होऊन हवेत गार झालेला पाटा दिसायला सुंदर कमान धरतो आणि पहिल्या पावसाळ्यात लाकडाच्या फळीसारखा सपाट होतो. थंड ठोकलेलाही कायमचा टिकत नाही, हे मान्य करायला हवे. परवडत असेल तर मूळ मापाची नवी कमान घेणे सरस, आणि दोन्ही बाजूंच्या एकदम. एकच बदलली तर गाडी एका खांद्याने उंच राहते.

पाट्यांवर जुने इंजिन ऑइल ओतण्याची सवयही सोडलेली बरी. पाटे एकमेकांवर घासतात तेव्हा त्या घर्षणानेच काही उसळी मरते, आणि ओतलेले तेल आपल्याकडच्या धुळीला चिकटवून घेऊन सहाणेचे काम करते. शिवाय ते बुशापर्यंत ओघळले की रबर फुगून मऊ पडते. पाटे उघडलेच आहेत तर गंज घासून मध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस पातळ फिरवावे, एवढे पुरे.

बुशांना कोणी विचारत नाही. अखंड एक्सलच्या या गाड्यांत एक्सल आडवे धरून ठेवणारा वेगळा दांडा नसतो. ते काम पाट्याचे डोळे आणि त्यांतले बुश करतात. बुश झिजून भोक लांबट झाले की पूर्ण पुढचे एक्सल अर्धा-एक सेंटिमीटर डावी-उजवीकडे सरकते. स्टेअरिंग बॉक्स चेसिसला पक्का आहे, त्याची ड्रॅग लिंक एक्सलकडे जाते. एक्सल सरकले म्हणजे चालकाने काही न करता चाके वळतात. आता बॉक्सचा स्क्रू कितीही आवळा. तपासणी सोपी आहे. एकाने स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवत राहायचे आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवायचे, अर्धे एका भागावर, अर्धे दुसऱ्यावर. ढिलाई डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळते. शॅकलपासून सुरुवात करून वर बॉक्सपर्यंत यायचे.

जुन्या विलीज घराण्यातल्या जिपांचे शॅकल आट्यांचे असतात, काही डाव्या आट्यांचे, काही उजव्या. त्यांना ग्रीस मिळाले नाही तर आटे खाऊन जातात, म्हणून निप्पलला बंदूक लावून जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरत राहायचे. नंतरच्या गाड्यांत रबरी बुश आले. त्यांना ग्रीस लागत नाही, पण बसवताना एक चूक सर्रास होते. गाडी जॅकवर असताना, कमान लोंबत असतानाच शॅकलचा बोल्ट पूर्ण आवळला जातो. मग गाडी खाली उतरवली की रबर पिळले जाते आणि जन्मभर पिळलेल्या अवस्थेतच काम करते. काही महिन्यांत ते फाटते. बोल्ट आधी हलका धरायचा, गाडी चाकांवर उतरवायची, चार वेळा दाबून हलवायची आणि मगच पाना जोर लावून फिरवायचा.

आता त्या थरथरीकडे येऊ. पंचेचाळीस-पन्नासच्या वेगाला डावे चाक खचलेल्या कडेवर उतरते आणि अचानक पुढची दोन्ही चाके फडफडू लागतात, स्टेअरिंग हातातून सुटते, गाडी पार हळू केल्याशिवाय थांबत नाही. ज्याने हे अनुभवले आहे तो सहसा पुन्हा त्या गाडीत बसायला तयार नसतो. यामागे भौतिकशास्त्र आहे. वेगाने फिरणारे चाक भोवऱ्याच्या नियमाने वागते. एक चाक खाली गेले की एक्सल तिरपे होते, आणि फिरत्या चाकाला तिरपे केले की ते आडवे वळून प्रतिसाद देते. वळलेले चाक टायरच्या ओढीने परत येते, येताना एक्सलला उलट झोल देते, आणि चक्र सुरू राहते. सांधे घट्ट असतील तर घर्षण ते दोन-तीन झोलांत गिळून टाकते, ढिले असतील तर प्रत्येक झोल वाढत जातो. ऑलीच्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या गाड्याही या रोगाने पछाडल्या होत्या. जनरल मोटर्सने १९३४ च्या मोटारींना पुढे अखंड एक्सल काढून दोन चाके वेगवेगळी टांगली, त्यामागचे एक मोठे कारण हेच होते. जीपने मात्र अखंड एक्सल ठेवले, कारण रानात तेच टिकते. त्यामुळे सांधे घट्ट ठेवणे ही तिची आयुष्यभराची अट झाली.

थरथर बऱ्याच वेळा किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळते तिच्या, बेअरिंगमधून येते. चाक उचलून वर-खाली धरून हलवले आणि खडखड झाली तर ती हबच्या बेअरिंगची की किंगपिनची? ब्रेक दाबून धरायला सांगायचे. खडखड थांबली तर हब, चालू राहिली तर किंगपिन. किंगपिनच्या टोपीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. एखादी काढली की बेअरिंगवर दाब येतो. किती काढायच्या हे हाताच्या अंदाजाने ठरवू नये. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड सोडून, चाकाला वळवणाऱ्या नकलच्या आर्मला तानकाटा अडकवून ओढायचे आणि मॅन्युअलात दिलेल्या वजनाला ती हलते का ते पाहायचे. भंगारवाल्याकडचा तानकाटाही चालतो. टाय रॉडच्या टोकांचे बॉल मात्र दुरुस्त होत नाहीत, ढिले झाले की बदलायचे. टोकावर घाव घालून ‘घट्ट’ करून देणारे महाभाग आहेत. त्यांना हात लावू देऊ नये.

चाकांचा कोन हाही याच कुटुंबातला. किंगपिन वरून किंचित मागे झुकलेली असते. विलीज घराण्यात तो झुकाव तीन अंशांचा. त्यामुळे वळण संपले की स्टेअरिंग आपोआप सरळ येते. हा झुकाव कमी झाला की गाडी रस्त्यावर भटकते, सतत दुरुस्ती मागते. आणि तो कमी कसा होतो? बसलेल्या कमानीने, तुटलेल्या पाट्याने, आणि गाडी उंच दिसावी म्हणून घातलेल्या लांब शॅकलने. या जिपांचा पुढचा शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की कमान पुढे खाली झुकते, एक्सल तिच्याबरोबर फिरते आणि मागे झुकलेली किंगपिन सरळ होते. दोन इंच उंचीचा डौल मिळतो, सरळ चालण्याचा गुण जातो. उंची वाढवण्याचे हे खूळ हल्ली यूट्यूबमुळे फार आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही ही गोष्ट वेगळीच. झुकाव थोडा कमी असेल तर कमान आणि एक्सलच्या मध्ये पाचर घालून तो परत मिळवता येतो. पाचर पोलादी हवी, ॲल्युमिनियमची फुटते.

पुढची दोन चाके आतल्या बाजूला किंचित वळलेली हवीत, जुन्या जीपमध्ये दीड-दोन मिलिमीटर. त्यासाठी अलाइनमेंटचे यंत्र लागतेच असे नाही. चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खिळ्याने एक बारीक रेघ ओढायची, गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलायची, आणि दोन रेघांमधले अंतर हबच्या उंचीवर आधी पुढे, मग मागे मोजायचे. पुढचे माप मागच्यापेक्षा तेवढेच कमी यायला हवे. सगळे सांधे घट्ट झाल्यावरच हे करायचे. ढिल्या बुशांवर केलेले अलाइनमेंट गॅरेजच्या फाटकापर्यंत टिकते.

मागचे एक्सल विसरले जाते. यू-बोल्ट सैल पडले की एक्सल पाट्यावर सरकते आणि सगळा जोर सेंटर बोल्टवर येतो. तो त्यासाठी नसतो, तुटतो. एक्सलची एक बाजू मागे जाते आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते. मागून येणाऱ्याला ते दिसते, चालकाला फक्त एवढेच कळते की स्टेअरिंग सरळ धरले तर गाडी एका बाजूला जाते. इथे गवंड्याचा ओळंबा कामाला येतो. सपाट फरशीवर गाडी उभी करून चेसिसवरच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंतून आणि चारही हबच्या मध्यातून ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूने फुल्या मारायच्या, गाडी बाजूला घ्यायची. आता फरशीवर गाडीचा नकाशा उमटलेला असतो. दोन्ही बाजूंची लांबी आणि दोन्ही कर्ण दोरीने ताडून पाहिले की एक्सल सरकले आहे का ते निर्विवाद कळते. यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घालावेत, जुन्यांचे आटे ताणलेले असतात. दोन-तीनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळायचे. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि जुडी किंचित पातळ होते.

टायरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, पण ते तपासायचे मात्र सगळ्यांत आधी. पुढे एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल असेल तर वर सांगितलेले काहीही करून उपयोग नाही. हवा थंड टायरमध्ये, सकाळी मोजायची. तापमान दहा अंशांनी वाढले की तीस पौंडांच्या टायरमध्ये साधारण दीड पौंड वाढतो. पौषातल्या थंडीत भरलेली हवा जळगावच्या पंचेचाळीस अंशांत चार-साडेचार पौंड जास्त दाखवते. कडक टायर त्या काळ्या जमिनीच्या लाटांवर चेंडूसारखा उडतो.

शॉकअपबद्दल एकच गैरसमज दूर करू. मागून बसलेली गाडी नव्या शॉकअपने उठत नाही. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त उसळी जिरवतो. कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबली आणि सोडल्यावर ती वर येऊन जवळपास स्थिरावली तर तो ठीक आहे. दोन-तीनदा झुलली किंवा नळीवर तेलाचा ओघळ असेल तर जोडीने बदलायचा. ताठ कमानीवर ताठ शॉकअप घालणे म्हणजे चेसिसला हातोडी मारणे.

एक दोष गाडीचा नसतोच. चिखलातून बाहेर काढण्यासाठी फोर बाय फोर गिअर टाकलेला असतो आणि डांबरी रस्ता लागल्यावर तो काढायचा राहून जातो. या जिपांत पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये फरक शोषणारा डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात; चिखलात ती घसरून हिशेब मिटवतात, कोरड्या डांबरावर घसरता येत नाही. मग सगळा ताण दांड्यांत आणि गिअरमध्ये साठतो, स्टेअरिंग दगड होते, आणि लिव्हर सुटत नाही. अशा वेळी हिसका देऊ नये. गाडी थोडी मागे घेतली किंवा एक चाक कच्च्या मातीवर घातले की लिव्हर आपोआप सुटतो. पुढचे दोन टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील तर सरळ रस्त्यावरही हेच घडते.

२०१० मध्ये आलेल्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहेत: लांब दांडे जे पिळले जाऊन वजन पेलतात. त्यांच्या मागच्या टोकाचा बोल्ट फिरवला की गाडी पुढून उंच होते. याला लोक ‘सस्पेन्शन कडक केले’ म्हणतात. दांडा तेवढाच ताठ राहतो. फक्त चाकाला खाली जायला उरलेली जागा संपते, आणि खड्ड्यात चाक खाली उतरायच्या जागी गाडीच उतरते.

आणि आता तो स्टेअरिंग बॉक्स. सगळे घट्ट झाल्यावरही ढिलाई उरली तरच त्याच्याकडे वळायचे. त्यातले दाते किंवा खोबण मध्यभागी सर्वांत जास्त झिजते, कारण आपण बहुतेक वेळ सरळ चालतो. मधली ढिलाई जाईपर्यंत स्क्रू आवळला तर दोन्ही टोकांना, जिथे झीज नाही, तिथे तो अडकतो. म्हणून चाके सरळ ठेवून आवळायचे आणि मग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून पाहायचे. कुठेही अडकले तर तो बॉक्स आवळण्यापलीकडे गेला आहे, आतले भाग बदलावे लागतील. बॉक्स ज्या ठिकाणी चेसिसला बसतो तिथे एकाला स्टेअरिंग हलवायला लावून नीट पाहायचे. पुष्कळ जुन्या जिपांत बॉक्स हलत नसतो, चेसिसचा पत्राच श्वास घेत असतो.

तिथे, आणि पाट्यांच्या हँगरच्या रिव्हेटभोवती, तडे शोधायचे. गंजाची तांबूस रेघ रंगाखालून येत असेल तर खाली तडा असतो. तडा सापडला तर वेल्डिंग करण्याआधी त्याच्या टोकाला लहान भोक पाडून घ्यायचे, नाहीतर तो वेल्डिंगच्या पलीकडून पुढे सरकतो. वर पत्र्याचा तुकडा लावायचा तर त्याची टोके तिरकी कापायची. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवे वेल्डिंग करायचे नाही, ओढ तिथेच सर्वांत जास्त असते. बॅटरीच्या वायरी आधी काढून ठेवायच्या आणि डिझेलच्या टाकीवर ओले गोणपाट टाकायचे. ओळंब्याच्या फुल्यांत चेसिसचेच कर्ण जुळत नसतील, तर मात्र हे गावातल्या गॅरेजचे काम राहत नाही. गाडी जळगावला महामार्गालगत ट्रकच्या चेसिस सरळ करणाऱ्यांकडे न्यायची, तीही चालवत नाही, टो करून.